खालची ओळ

तासगावच्या कोल्ड स्टोअरेजात माझी खुर्ची
चेंबर दोनच्या भिंतीला लागून.
बाहेर ऑक्टोबरचं ऊन डांबर मऊ करतं
आणि मी मात्र स्वेटर घालून बसते.
समोर स्क्रीनवर तक्ता:
हिरवा, पिवळा, काळा,
त्यांच्यापुढे पेट्या, किलो, दर, रक्कम.

मगदूम शेठ चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
"ऐनापुरे, एवढं सगळं वाचायला सवड न्हाई मला.
खाली एक वळ टाका, सगळ्याची मिळून.
दिवाळीच्या आत येणंदेणं शून्यावर आणायचंय."

सॉफ्टवेअरमध्ये एक चौकोन आहे, "एकूण".
त्यात टिक केली की तक्त्याला तळ फुटतो
आणि सगळे आकडे घरंगळत खाली जमतात.
मी टिक केली.
पेट्या जमल्या, किलो जमले,
आणि दरसुद्धा जमले, आज्ञाधारकपणे:
एकशे नव्वद, एकशे पासष्ट, सत्तर,
एकूण दर चारशे पंचवीस.

या भावानं अख्ख्या तालुक्यात
कुणी एक मणुका विकला नाही.
मला एकटीलाच हसू आलं,
मग तिनानं भागून पाहिलं: एकशे एक्केचाळीस आणि काही पैसे.
तेही खोटंच, फक्त जरा सभ्य.
काळा होता जेमतेम दोनशे पेट्या,
हिरवा बाराशे,
त्यांना सारखंच वजन कसं द्यायचं?
सगळी रक्कम धरली, सगळ्या किलोंनी भागली,
एकशे सत्तर रुपये पन्नास पैसे.
हा आकडा जिभेवर ठेवला
तर बेदाण्यासारखा लागला, जरासा आंबट, पण खरा.

मग पेट्या.
सौदे-वहीत दोन हजार,
माझ्या खालच्या ओळीत दोन हजार बेचाळीस.
बेचाळीस पेट्या आल्या कुठून?
दुपारभर चेंबर चाळत बसले, फिल्टर लावला, काढला,
सांगलीच्या त्या पोराला तीनदा फोन केला,
तो म्हणाला, "मॅडम, सिस्टिम बरोबर आहे."

ऐवळे मामा दारात बिडी न पेटवता उभे होते,
आत पेटवायची नसते म्हणून नुसती ओठांत.
"बेचाळीस व्हय? श्रावणात तीनचा कॉम्प्रेसर बसला,
तवा रातीत पाचमध्ये हलिवल्या आमी.
तुमच्या मशिनीनं दोन्हीकडं लिवल्या असत्याल."

सुटले एकदाची.
वजा करायला हात कीबोर्डवर नेला
तर मामा म्हणाले, तसेच, बिडी न काढता,
"पण बाई, उचलल्या मातर दोनदा हं.
एकदा आत आणताना, एकदा हलिवताना.
ह्ये बघा."

चेंबर पाचच्या दाराच्या पाठीमागं
खडूच्या रेघा होत्या,
चार उभ्या, एक आडवी, चार उभ्या, एक आडवी,
ओलीनं फिकट झालेल्या, पण मोजता येण्याजोग्या.
मी मोजल्या. थंडीनं बोटं वाकत नव्हती तरी मोजल्या.
आठ जुड्या आणि वर दोन.

शेठच्या मालाला दोन हजार बरोबर.
मामांच्या खांद्याला दोन हजार बेचाळीस बरोबर.
चूक कुठं होती मग?
मला एकच ओळ सांगितली होती, त्यात.

संध्याकाळी रिपोर्ट छापला.
खाली दोन ओळी.
एकूण माल.
एकूण उचल.
प्रिंटरनं दुसरी ओळ जरा फिकी उमटवली,
शाई संपत आली होती, मी मुद्दाम काही केलं नव्हतं.

शेठनी कागद उजेडाकडं धरला,
चष्मा कपाळावरनं नाकावर आला.
पहिल्या ओळीवर बोट फिरलं आणि पुढं गेलं.
दुसरीवर थांबलं.
"ही कशाला?"
मी सांगितलं.
फॅनचा आवाज तेवढा ऐकू येत राहिला बराच वेळ.
मग त्यांनी विचारलं, माझ्याकडं न बघता,
"गेल्या साली हमाली कुठल्या वळीवर काढली होती?"

मागचं वर्ष एका क्लिकवर असतं.
मी माऊस हातात धरला.
पाठीमागं चेंबर दोन गारठा सोडत होता
आणि दाराशी मामा,
अजून न पेटवलेली बिडी घेऊन,
घरी जायची वेळ झालेली असून
उभे होते.